खोबरेल तेल खायचं की नाही? इंदूरच्या घराघरातून येणारे प्रश्न

मी डाएटिशियन आहे, इंदूरला सुदामा नगरात राहते, आणि गेल्या तीन-चार वर्षांत मला सगळ्यात जास्त प्रश्न कशावर आले असतील तर खोबरेल तेलावर. भिशीत, लग्नात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन सुद्धा. गंमत अशी की आपल्या माळव्यात हे तेल कधी स्वयंपाकघरात नव्हतंच, ते असायचं न्हाणीघराच्या फडताळात. आता एकदम ते किचनच्या ओट्यावर आलंय म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

खोबरेल तेल तब्येतीला चांगलं की वाईट? एका शब्दात सांगा ना.

एका शब्दात सांगता आलं असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं. आधी त्यात काय असतं ते बघू. खोबरेल तेलात ८० ते ९० टक्के सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तुपासारखी थंडीत घट्ट होणारी चरबी, असतं. तुलनेसाठी सांगते, साजूक तुपात साधारण ६० ते ६५ टक्के, पाम तेलात ५० च्या आसपास, शेंगदाणा तेलात १७ ते २०, आणि आपल्याकडे घरोघरी चालतं त्या सोयाबीन तेलात १५ च्या आसपास. म्हणजे ज्या तुपाला आपण "जड" म्हणतो त्याच्यापेक्षाही हे जास्त सॅच्युरेटेड आहे, फक्त ते झाडावरून आलेलं आहे म्हणून आपल्याला हलकं वाटतं. सॅच्युरेटेड फॅट जास्त गेलं की लिव्हर रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी प्रमाणात ओढून घेतं आणि ते रक्तात फिरत राहतं. हृदयाच्या नसांसाठी तेच धोक्याचं.

पण माझा पहिला प्रश्न नेहमी उलटा असतो, तुम्ही हे तेल कशाच्या जागी खाताय? वनस्पती तुपाच्या जागी खात असाल तर बरंच आहे. साजूक तुपाच्या जागी असेल तर फार फरक नाही. पण सोयाबीन, शेंगदाणा, मोहरी यांच्या जागी असेल तर एलडीएल वाढायची शक्यता आहे, आणि कशाच्याच जागी नसेल, म्हणजे जेवण आहे तसंच आणि वरून सकाळी दोन चमचे, तर मी स्पष्ट नाही म्हणते.

सकाळी अनशापोटी दोन चमचे किंवा कॉफीत घालून घेतलं तर?

हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. आमच्या मामांनी कुठलासा व्हिडिओ बघून रोज सकाळी दोन मोठे चमचे गरम पाण्याबरोबर घ्यायला सुरुवात केली. मला कोणी सांगितलंच नाही, मामी म्हणाली "अगं चार महिने झाले घेऊन राहिलेत, म्हणतात एकदम एनर्जी येते". बाकी काही बदललं नव्हतं, पोहे तेच, शेव तीच, रविवारचे दाल-बाफले तेच आणि ते तुपात बुडवलेलेच. चार महिन्यांनी रुटीन टेस्ट केली तर एलडीएल तीसेक पॉइंटनी वर. मामा घाबरले आणि मीही घाबरले, कारण त्यांच्या वडिलांना पन्नाशीतच अटॅक आला होता.

आता हिशोब बघा. एका मोठ्या चमच्यात साधारण १४ ग्रॅम तेल, त्यात १२ ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट. दोन चमचे म्हणजे २४. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी सॅच्युरेटेड फॅटमधून १० टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला दिवसाला जेमतेम २२ ग्रॅम. मामांचा अख्ख्या दिवसाचा कोटा सकाळी साडेसहालाच संपत होता, चहातलं दूध पोटात जायच्या आधी!

पण केरळचे लोक पिढ्यानपिढ्या तेच खातात, त्यांना कुठे काय होतं?

होतं. केरळमध्ये हृदयरोग आणि डायबिटीस दोन्हीचं प्रमाण देशात वरच्या बाजूला आहे. ते सगळं खोबरेल तेलामुळेच झालं असंही मी म्हणणार नाही, कारण तिथे बदललेली जीवनशैली, वाढलेलं वजन, परदेशातून आलेला पैसा, बैठी कामं असं बरंच काही एकात एक मिसळलंय. पण "त्यांना काही होत नाही" हे वाक्य खरं नाही एवढं नक्की.

तिथलाच एक चांगला अभ्यास सांगते, २०१६ मध्ये इंडियन हार्ट जर्नलमध्ये आला होता. आधीच हृदयरोग असलेल्या आणि औषधं चालू असलेल्या २०० पेशंटना दोन गटांत विभागलं, एका गटाला स्वयंपाकाला खोबरेल तेल आणि दुसऱ्याला सूर्यफूल तेल, असं २ वर्षं. दोन्ही गटांत कोलेस्टेरॉलमध्ये किंवा हार्टच्या त्रासांमध्ये फारसा फरक दिसला नाही. खोबरेलवाले हा अभ्यास नेहमी पुढे करतात आणि अभ्यास खराच आहे, पण ते लोक कोलेस्टेरॉलची गोळी घेत होते आणि तेल मोजूनमापून स्वयंपाकात वापरत होते, कोणी वाटीने पीत नव्हतं. शिवाय २०० माणसं म्हणजे अटॅक कमी-जास्त झाले का हे ठरवायला फार कमी.

दुसरं उदाहरण लोक देतात ते पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटांचं. तिथल्या लोकांच्या निम्म्याहून जास्त कॅलरी नारळातून यायच्या आणि हृदयरोग कमी होता, हे १९८१ मध्ये छापून आलंय. पण ते लोक अख्खा नारळ खायचे, सोबत मासे आणि ब्रेडफ्रूट (फणसासारखं एक फळ), साखर-मैदा जवळजवळ नाही, आणि दिवसभर अंगमेहनत. त्यातही ज्या बेटावर नारळ जास्त तिथे कोलेस्टेरॉल जास्तच होतं बरं का, हे सांगायचं सगळे विसरतात. छप्पन दुकानवर, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, उभं राहून खाणाऱ्या आपल्यासारख्यांनी टोकेलाऊचा दाखला घेऊन काय करायचं?

मग आपल्या कोकणातल्या आजी-पणजी?

त्या ओलं खोबरं खायच्या, वाटणात, सोलकढीत, उसळीवर भुरभुरवून. चमच्याने तेल पीत नव्हत्या. आणि विहिरीचं पाणी शेंदत होत्या.

त्यात एमसीटी असतं ना, ते म्हणे थेट लिव्हरला जाऊन एनर्जी होते, चरबी बनतच नाही?

यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते इतकं पसरलंय. एमसीटी म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीची फॅट. त्यातली ८ आणि १० कार्बनवाली फॅट खरंच आतड्यातून सरळ लिव्हरकडे जाते आणि पटकन वापरली जाते, म्हणूनच ज्यांना फॅट पचत नाही अशा पेशंटना हॉस्पिटलमध्ये एमसीटी तेल देतात, मुलांच्या काही प्रकारच्या फिट्समधल्या कीटो डाएटमध्ये (भरपूर फॅट, अगदी कमी पिठूळ-गोड) पण देतात. पण खोबरेल तेलात ही दोन मिळून फक्त १३ ते १५ टक्क्यांच्या आसपास. त्यातला मोठा वाटा आहे लॉरिक अ‍ॅसिडचा, जवळजवळ निम्मा. लॉरिकला १२ कार्बन, केमिस्ट्रीच्या पुस्तकात ते मध्यम साखळीत मोजतात, पण शरीरात गेल्यावर त्यातलं बरंचसं लांब साखळीसारखंच वागतं, म्हणजे तुपातल्या फॅटसारखं फिरून रक्तात येतं. ज्या अभ्यासांत वजन थोडं कमी झालं ते शुद्ध एमसीटी तेलावर होते, आणि जाहिरात झाली खोबरेल तेलाची. मला याचा खरंच राग येतो, कारण लोक चांगल्या हेतूने पैसे घालवतात.

म्हणजे वजन कमी होत नाही?

नुसतं तेल घेऊन नाही. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी, म्हणजे मध्यम आकाराच्या दीड पोळीएवढ्या. चमचा वाढवलात तर दुसरीकडे काहीतरी कमी करावं लागेल.

त्याने एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल पण वाढतं ना? मग हिशोब बरोबर झाला की.

वाढतं, हे खरं आहे. २०२० मध्ये १६ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तेव्हा सोयाबीन, ऑलिव्ह, सूर्यफूल अशा तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल साधारण १० पॉइंटनी वाढलं आणि एचडीएल साधारण ४ पॉइंटनी. लोक म्हणतात दोन्ही वाढलं म्हणजे बरोबरी झाली. पण तसं नसतं. एलडीएल कमी केलं की अटॅक कमी होतात हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय, पण एचडीएल मुद्दाम वाढवून अटॅक कमी होतात हे सिद्ध झालेलं नाही. टॉर्सेट्रॅपिब नावाचं एक औषध होतं, एचडीएल भरपूर वाढवायचं, सगळ्यांना केवढी आशा होती, आणि २००६ मध्ये त्याची मोठी ट्रायल मध्येच थांबवावी लागली कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. त्यामुळे रिपोर्टवर एचडीएल छान दिसतंय म्हणून एलडीएलकडे काणाडोळा करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगते. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये नव्वदेक लोकांना ४ आठवडे रोज ५० ग्रॅम एक्स्ट्रा व्हर्जिन खोबरेल तेल, बटर किंवा ऑलिव्ह तेल दिलं होतं. त्यात बटरने एलडीएल वाढलं पण खोबरेलने ऑलिव्हपेक्षा वेगळं असं काही वाढलं नाही. म्हणजे सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, आणि माणसामाणसात फरक पडतो. पण ४ आठवडे म्हणजे फार थोडे, आणि सगळं एकत्र मांडलं की पारडं एलडीएल वाढण्याकडेच झुकतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये खोबरेल तेल न वापरण्याचा सल्ला दिला तो याच कारणाने.

एका बाईंनी याला "शुद्ध विष" म्हटलं होतं तो व्हिडिओ खरा आहे का?

व्हिडिओ खरा. २०१८ साली कारिन मिशेल्स नावाच्या प्रोफेसरनी जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये लेक्चर दिलं त्यात हे शब्द होते आणि ते जगभर फिरले, आपल्याकडच्या नारळवाल्यांनी निषेधही केला. मला तो शब्द पटत नाही. विष एका चमच्याने मारतं, हे तसं नाही. पण कोणी अमृत म्हणाला की लगेच कोणी विष म्हणतो आणि मधल्यामध्ये आपल्या घरातली माणसं गोंधळतात.

व्हर्जिन, घाण्याचं आणि रिफाइंड, यातलं कोणतं घ्यावं?

व्हर्जिन म्हणजे ताज्या ओल्या खोबऱ्यापासून, फार न तापवता काढलेलं. घाण्याचं म्हणजे बहुतेक वेळा सुक्या खोबऱ्याचं. रिफाइंड म्हणजे वास-रंग काढून साफ केलेलं. चवीत आणि वासात भरपूर फरक आहे, व्हर्जिनमध्ये थोडी अँटिऑक्सिडंट द्रव्यं पण राहतात. पण फॅटचं गणित तिन्हीत तेच! तिप्पट किंमत मोजून एलडीएल तिप्पट सुरक्षित होत नाही. घ्यायचंच असेल तर छोटी बाटली आणि खोबऱ्याचा छान वास येणारं घ्या, म्हणजे कमी तेलात चव येईल. पाकिटबंद बिस्किटं, क्रीमवाल्या वस्तू यांच्या लेबलवर हायड्रोजिनेटेड (म्हणजे प्रक्रिया करून घट्ट केलेलं तेल) असं लिहिलेलं असेल तर ती वस्तू दुकानातच परत ठेवून द्या, मग तेल नारळाचं असो की कशाचंही.

आमच्याकडे डिसेंबरात बाटली दगडासारखी होते. नसांमध्ये पण असंच गोठतं का?

नाही नाही. खोबरेल तेल २४ डिग्रीच्या खाली घट्ट व्हायला लागतं, आपलं शरीर ३७ डिग्रीला असतं. शिवाय तेल जसंच्या तसं रक्तात जातही नाही, आधी पचतं. इंदूरच्या थंडीत, जेव्हा रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा बाटली गोठणारच, आणि मे महिन्यात पाण्यासारखी होणार. खराब काही होत नाही.

याच्यावरूनच दुसरं एक, "फ्रीजमध्ये गोठलं म्हणजे शुद्ध" असं समजू नका. पाम कर्नल तेल (पामच्या बियांचं तेल) रचनेने जवळजवळ भाऊच आहे, ते पण गोठतं.

पॅराशूटची निळी बाटली खाल्ली तर चालते का?

हसू नका, हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि प्रश्न बरोबर आहे. शुद्ध खोबरेल तेल डोक्याला लावा नाहीतर फोडणीला घाला, मूळ वस्तू एकच. सरकार आणि कंपन्यांचं वर्षानुवर्षं भांडण चालू होतं की छोट्या बाटलीतलं तेल खाद्यतेल धरायचं की केसांचं तेल, कारण तेव्हा खाद्यतेलाला टॅक्स कमी होता. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही, केसांचं म्हणून विकलं असेल तरच ते केसांचं. तर तुम्ही बाटली उलटी करून बघा, एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) लायसन्स नंबर आणि हिरवा ठिपका असेल तर खायला चालतं. जास्वंद, मोगरा, आवळा, काहीही सुगंध घातलेलं असेल तर ते चुकूनही तोंडात नको.

तळणीसाठी चांगलं असतं म्हणतात, खरं का?

हे बऱ्यापैकी खरं आहे. सॅच्युरेटेड असल्यामुळे ते गरम झाल्यावर लवकर बिघडत नाही. पण व्हर्जिन तेल १७५ डिग्रीच्या आसपास धूर सोडायला लागतं आणि पुऱ्या किंवा गराडू (आपल्याकडचा कंद) तळायला तापमान तेवढंच किंवा थोडं जास्त लागतं, त्यामुळे तळायचंच तर रिफाइंड. पण मला सांगा, प्रश्न तेलाचा आहे की तळण्याचा? घरात आठवड्यातून तीनदा भजी, त्यात रोजची शेव (शेवेशिवाय इंदुरी माणसाला घास उतरत नाही, मला पण नाही), तर तेल बदलून काय होणार. आणि तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, एकदा गाळून दुसऱ्या दिवशी भाजी-फोडणीत संपवा. काळपट, चिकट, फेस येणारं झालं की टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी.

खोबरं पण बंद करायचं का? मोदक, खोपरा पॅटिस?

अहो नाही हो! ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे ३३ ग्रॅमच्या आसपास फॅट असतं पण ९ ग्रॅम फायबर पण असतं, आणि पोट भरतं म्हणून माणूस आपोआप थांबतो. तेल पिताना थांबायला काही नसतं. पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घाला, चटणी करा, वर्षातून एकदा उकडीचे मोदक पोटभर खा. ज्यांचं एलडीएल आधीच वाढलेलं आहे त्यांनी सुक्या खोबऱ्याच्या वाटणाचा हात जरा आखडता घ्यावा. पॅटिस महिन्यातून एखाद वेळा, तिथे काळजी खोबऱ्याची नाही, कढईतल्या तेलाची.

लहान बाळाला घालू का? आईच्या दुधात पण लॉरिक अ‍ॅसिड असतं म्हणे.

असतं. पण म्हणून खोबरेल तेल आईच्या दुधासारखं होत नाही. सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काहीच नको, तेलाचा थेंब पण नको. त्यानंतर खिमटीत, वरणभातात तूप किंवा कोणतंही खायचं तेल अर्धा-एक छोटा चमचा छान, बाळाला फॅट लागतंच. आणि नाकात-कानात तेल सोडायची पद्धत अजून काही घरांत आहे, ती कृपा करून सोडा. तेल श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

थायरॉइड, डायबिटीस, विसरभोळेपणा यावर उपयोग होतो?

तिन्हीवर उपचार म्हणून नाही. विसरण्याच्या आजारावर मोठी आशा दाखवली गेली पण भक्कम पुरावा आलेला नाही. ज्या घरात आई-वडील हळूहळू विसरायला लागतात त्या घराची तगमग मी बघितलीय, माणूस काहीही करून बघतो. एखादा चमचा जेवणात घातलात तर घाला, पण चालू गोळी बंद करून त्याच्या भरवशावर राहू नका.

ऑइल पुलिंग?

ते गुळणी करून थुंकायचं असतं, गिळायचं नाही. ब्रश त्याआधी किंवा नंतर करायचाच.

उपवासाला चालतं?

ज्या घरात शेंगदाणा तेल चालतं तिथे सहसा चालतं, आपापल्या घरची रीत बघा. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र तूपच बरं लागतं, हे माझं वैयक्तिक मत.

मग स्वयंपाकाला तेल कोणतं आणि किती?

आपण सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो, सोयाबीन तेल स्वस्त आहे, ताजं मिळतं आणि त्यात ओमेगा-३ (हृदयाला चांगली समजली जाणारी फॅट) पण ७ टक्क्यांच्या आसपास असतं, जे खोबरेल तेलात जवळपास नाहीच. "रिफाइंड म्हणजे कॅन्सर" वगैरे ऐकून ते फेकू नका. मी स्वतः एक महिना सोयाबीन, एक महिना शेंगदाणा आणि हिवाळ्यात भाज्यांना मोहरीचं असं फिरवते. तूप वरणावर एक छोटा चमचा. खोबरेल तेल माझ्याकडे पण आहे, अवियलसाठी आणि डोशाच्या चटणीच्या फोडणीसाठी, महिन्याला १०० मिली पण संपत नाही.

दिवसाचे २२ ग्रॅम कुठे जातात ते एकदा कागदावर मांडा. फुल क्रीम दुधाचा एक ग्लास म्हणजे ७-८ ग्रॅम, तुपाचा एक मोठा चमचा ८ च्या पुढे, मग शेव, पनीर, मिठाई. आता यात खोबरेल तेलाचा चमचा बसतो का ते तुम्हीच बघा, आणि बसवायचा असेल तर तूप किंवा दुधातलं काही काढून बसवा.

मी सहा महिन्यांपासून घेतेय, आता काय करू?

घाबरू नका. आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करा, आणि त्यात एलडीएलचा आकडा बघा, नुसता टोटल नको. वाढलेलं असेल तर वरून घ्यायचं तेल बंद करा, स्वयंपाक नेहमीच्या तेलात करा आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा, खाण्यातल्या बदलाचा परिणाम तेवढ्या वेळात दिसतो. मामांचं दोन महिन्यांत जवळपास पहिल्या जागी आलं होतं. नाही आलं तर कारण दुसरं असू शकतं, थायरॉइड, घराण्यातलं कोलेस्टेरॉल, तेव्हा डॉक्टरांकडे जा. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, रिपोर्ट नॉर्मल आला तरी, कारण तो नॉर्मल त्या गोळीमुळेच आलेला असू शकतो.